हिमालयातल्या वाऱ्यासाठी पातळ कवच

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या सांक्री गावातून केदारकंठ्याची वाट धरणाऱ्यांत मराठी ट्रेकरही असतात. निघण्याआधीच्या तयारीत सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो जॅकेटवरून. बर्फात जायचं म्हणजे जाड, घोळदार जॅकेट हवं, असा सर्वसाधारण समज आहे. शरीर उष्णता कशी तयार करतं आणि कुठल्या वाटांनी गमावतं, हे पाहिलं की उत्तर वेगळं येतं. चढताना सर्वांत बाहेर हवा तो पातळ, हलका, अंगासरशी बसणारा आणि वारा अडवणारा थर. गिर्यारोहक त्याला ‘शेल’ म्हणतात. त्यात ऊब देणारं अस्तर नसतं. ऊब साठते आतल्या थर्मल आणि फ्लीसमध्ये. ती वाऱ्याने उडून जाऊ न देणं हे शेलचं काम.

आधी शरीराचा हिशेब पाहू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. पाठीवर सॅक घेऊन बर्फातला खडा चढ चढताना हीच उष्णता ५०० वॉटच्या पुढे जाऊ शकते, कारण स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के प्रत्यक्ष कामी येते आणि उरलेली उष्णता होते. जाड जॅकेट घालून चढणारा म्हणूनच उणे तापमानातही घामाघूम होतो. खरी अडचण तो थांबल्यावर सुरू होते. पाणी स्थिर हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे भिजलेला थर्मल अंगाची ऊब सतत बाहेर काढत राहतो. त्यातच तो घाम अंगावर वाळताना आणखी उष्णता घेतो. कपड्यांत अडकलेला फक्त १०० ग्रॅम घाम वाळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी तयार करायला विसावलेल्या शरीराला सुमारे ४० मिनिटं लागतात.

दुसरी वाट वाऱ्याची. आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत उडवून नेतो आणि शरीर तो पुन्हा पुन्हा तापवत बसतं. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या शास्त्रज्ञांनी १९४१मध्ये अंटार्क्टिकात पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून या परिणामाचा पहिला हिशेब मांडला. अमेरिका आणि कॅनडात २००१मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार, तापमान उणे १० अंश सेल्सियस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांसारखा गारठा जाणवतो. वारा अडवायला कापड जाड असण्याची गरज नसते. त्याची वीण घट्ट असावी लागते.

ही जाण जुनी आहे. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक चढवून वरून घट्ट विणीचं गॅबर्डिन घातलं होतं. १९९९मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. अवशेषांवरून त्या कपड्यांची प्रतिकृती तयार झाली आणि २००६मध्ये ती एव्हरेस्टवरच घालून पाहण्यात आली. हवा चांगली असताना ते कपडे हलके आणि हालचालीला मोकळे ठरले. धागे बदलले, थरांचं तत्त्व मात्र तेच राहिलं.

आजच्या जलरोधक शेलमध्ये कापडाला चिकटवलेला एक अतिपातळ पडदा असतो. १९६९मध्ये बॉब गोअर यांनी तापवलेली पीटीएफई या प्लास्टिकची कांडी झटक्यात ताणली आणि असंख्य सूक्ष्म छिद्रं असलेला पदार्थ हाती आला. १९७६पासून तो गोअर-टेक्स या नावाने कपड्यांत वापरला जाऊ लागला. यातली छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि बाष्पाच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी असतात. म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते.

मात्र ही वाफ आपोआप जात नाही. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर सरकते. त्वचेलगतच्या ३४ अंशांच्या दमट हवेत घनमीटरला सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावतं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या २४ अंशांच्या ओल्याचिंब हवेत आधीच जवळपास २२ ग्रॅम असतं. म्हणून तिथे महागडं जॅकेटही आतून चिकचिकतं. हिमालयातल्या उणे १० अंशांच्या हवेत जेमतेम २ ग्रॅम बाष्प असतं, त्यामुळे वाफेला बाहेर ढकलणारा फरक मोठा मिळतो. पण तिथे शेलचं कापडच इतकं गार असतं, की बाहेर पडण्याआधीच काही वाफ त्याच्या आतल्या बाजूला गोठते. शिवाय जोराच्या चढात तासाला लिटरभर घाम येऊ शकतो आणि सॅकखालच्या पाठीतून वाफेला वाट जवळजवळ नसते. कोणताही पडदा एकट्याने हा भार पेलू शकत नाही. काखेतल्या झिप, दोन्ही बाजूंनी उघडणारी पुढची झिप आणि घाम फुटण्याआधी एक थर काढण्याची शिस्त, या तिन्हींची जोड लागतेच.

शेल अंगासरशी का हवा, याचं उत्तर हवेच्या पोकळीत आहे. अंग आणि कापड यांच्यातली स्थिर हवा उत्तम उष्णतारोधक असते. पोकळी साधारण सेंटिमीटरपलीकडे वाढली, की आतली हवा फिरू लागते आणि ऊब वाहून नेते. घोळदार जॅकेट तर हाताच्या प्रत्येक हालचालीला भात्यासारखं काम करतं: गळ्यातून आणि कमरेतून गरम हवा बाहेर, गार हवा आत. फडफडणारं कापड वाऱ्यात तोल बिघडवतं. पोटावर आलेला घोळ दोराला जोडायच्या हार्नेसचं बक्कल आणि बुटांखालचे खिळेदार क्रॅम्पॉन झाकतो, आणि अरुंद धारेवर पाऊल दिसणं जिवाशी निगडित असतं.

अतिघट्ट जॅकेटही तितकंच वाईट. आतला फ्लीस दाबला गेला, की त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. मग पिसांचं जाड डाउन जॅकेट कुठे घालायचं? अनुभवी गिर्यारोहक ते शेलच्या वरून घालतात. चालताना थर्मल, पातळ फ्लीस आणि शेल. थांबल्याबरोबर वरून मोठं डाउन. ही पद्धत स्वीकारली, की शेलला डाउन पोटात घ्यावं लागत नाही आणि तो निश्चिंतपणे बेताचा घेता येतो.

दुकानात जाताना आपला थर्मल आणि फ्लीस घालूनच जा. शेल चढवून दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडली, तर हार्नेसमधून जॅकेट निसटणार. हात छातीपुढे गुंफा. पाठीत ओढ बसली, तर खांद्याचा कट चुकलेला आहे. हेल्मेटवर हूड ओढून मान दोन्हीकडे वळवा. डोक्याबरोबर हूडही वळलं पाहिजे. झिप जाड हातमोजे घालून उघडून पाहा. खिसे हार्नेस आणि सॅकच्या पट्ट्याच्या वर हवेत.

आता लेबलवरचे आकडे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २० ते ३० डेनियरचं कापड हलकं, पण खडकाच्या घर्षणाला कच्चं. ७०-८० डेनियरचं टिकाऊ, पण जड. बर्फातल्या ट्रेकसाठी ३० ते ४० पुरेसं आहे. खडक आणि हिमभिंती चढणाऱ्यांनी निदान खांदे आणि बाह्यांवर जाड कापड पाहावं. १०,००० मिलिमीटर जलरोधकता म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता. स्कॉटलंडच्या डोंगरांत हिवाळाभर तापमान शून्याच्या आगेमागे राहतं, ओला बर्फ आणि पाऊस एकत्र झोडपतात. तिथे हा आकडा मोठा हवा. गढवालच्या कोरड्या थंडीत बर्फ झटकून टाकता येतो. तिथे काखेतली झिप त्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेल घेतल्यावर तो धुवायला घाबरू नका. मळ आणि घामाचं तेल साचलं, की कापडावरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो, वरचं कापड पाणी पितं आणि वाफेची वाट बंद होते. लेबलवरच्या सूचना पाळून धुतल्यावर मंद उष्णता दिली, की लेप बहुतेक वेळा पुन्हा जागा होतो. अशा लेपांत वापरल्या जाणाऱ्या, दीर्घकाळ नष्ट न होणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपासून उद्योग आता दूर जात आहे. नव्या लेपांना धुलाई अधिक वेळा लागते, पण ज्या हिमनद्यांचं पाणी आपण पितो त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

आणि एक आग्रहाची विनंती: नवा शेल थेट हिमालयात नेऊ नका. जानेवारीच्या पहाटे तो घालून, ठरवलेल्या सर्व थरांसह आणि भरलेल्या सॅकसह कळसूबाई चढा. माथ्यावरच्या वाऱ्यात दहा मिनिटं थांबा आणि थर्मलवर हात फिरवा. तो कोरडा असेल, तर निवड योग्य आहे. ओला असेल, तर एक थर कमी करा, झिप लवकर उघडा, वेग आवरा आणि पुन्हा चढून पाहा.