उंटाऐवजी चाकणचा चांद

मोबाइलवर 'रमजान ड्रॉइंग' असं शोधलं की शेकडो चित्रं समोर येतात आणि बहुतेकांत एक उंट असतो. उंट, खजुराचं झाड, वाळूच्या टेकड्या, मागे घुमट आणि वर पोटात तारा घेतलेली चंद्रकोर. आई कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणते, मूल तपकिरी खडू झिजवतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उंट. पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडी, नेहरूनगरच्या किंवा चाकणच्या पोराने वाळवंट कुठे पाहिलंय? त्याच्या रमजानमध्ये कलिंगडाची हातगाडी असते, मशिदीच्या दारातली चपलांची रास असते आणि दुसऱ्या पाळीला गेलेले अब्बा असतात, जे रोजा कंपनीच्या कँटीनमध्येच सोडतात. चित्र काढायचं तर याचं काढावं.

वयात येईपर्यंत मुलांवर रोजा बंधनकारक नाही. पण घरात सगळे धरतात म्हटल्यावर सात-आठ वर्षांचं पोरही हट्ट धरतं. मग मोठी माणसं त्याला दुपारपर्यंतचा 'चिडिया का रोजा' देऊन समजूत काढतात. ज्यांनी पूर्ण रोजा धरलाय त्यांची खरी कसोटी चार ते सहा या वेळात लागते. हुंदडलं तर तहान लागते, मोबाइल दिला तर चिडचिड वाढते, आणि आई भजी, फळं, सरबताच्या गडबडीत. चित्रकला इथे कामाला येते, कारण ती बसून करता येते आणि वेळ खाते.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत उत्तम उपक्रम चांदाचा तक्ता. सहेरी-इफ्तारच्या वेळांचं छापील वेळापत्रक बहुतेक घरांत भिंतीवर चिकटवलेलं असतंच. त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर तीस चौकटी आखायच्या. औद्योगिक पट्ट्यात खोक्यांच्या पुठ्ठ्याला तोटा नाही. रोज चांद जसा दिसला तसा चौकटीत काढायचा आणि किती वाजता, कुठल्या दिशेला दिसला ते खाली लिहायचं. आठवणीतून काढायचं नाही, गच्चीवर जाऊन बघून काढायचं.

पहिल्याच संध्याकाळी गंमत कळते. शुभेच्छापत्रावरची कोर उभी असते. पण रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की पिंपरीच्या आकाशात ती होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. या दिवसांत आपल्या अक्षांशावर कोवळा चंद्र मावळत्या सूर्याच्या जवळपास सरळ वर असतो, त्यामुळे उजेड त्याच्या खालच्या कडेवर पडतो. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत 2040 च्या सुमारास रमजान सप्टेंबरात येईल, तेव्हा हीच कोर चांगली कलंडलेली दिसेल. आणि पोटातला तो तारा? कोरीच्या कुशीतली काळी जागा म्हणजे चंद्राचाच अंधारातला भाग. त्यामागचा तारा आपल्याला दिसणार कसा? हे एकदा कळलं की मूल पुढची सगळी शुभेच्छापत्रं तपासत सुटतं.

चौदाव्या-पंधराव्या रात्रीच्या सुमाराला इफ्तारच्याच वेळी पूर्वेला गोल चांद उगवतो. पौर्णिमेनंतर मात्र संध्याकाळच्या चौकटी रिकाम्या पडू लागतात आणि 'चांद गेला कुठे?' हा प्रश्न येतो. उत्तर सहेरीला उठणाऱ्यांनाच मिळतं, कारण शेवटच्या आठवड्यात बारीक होत चाललेली कोर पहाटे पूर्वेकडे असते. चमच्यात घास तसाच ठेवून पोरं खिडकीकडे धावतात. तिसावी चौकट भरेल की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही. 2024 मध्ये आपल्याकडे तीस रोजे झाले. 2025 मध्ये 2 मार्चला सुरू झालेला महिना एकोणतिसाव्या रोजाला संपला आणि 31 मार्चला ईद झाली.

आभाळ धुरकट असेल किंवा समोर टॉवर आडवा येत असेल, तर कंपास काढावा. एक वर्तुळ, त्यात एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन व्यास, त्यांची चार टोकं जोडली की चौरस. मधले कोन दुभागून दुसरा चौरस काढला की आठ टोकांचा तारा तयार. कुराणाच्या अनेक प्रतींत भाग दाखवायला हीच खूण असते, त्यामुळे मदरशात जाणारी मुलं ती लगेच ओळखतात. छत्रपती संभाजीनगरच्या सहलीत बीबी का मकबरा पाहिला असेल तर कबरीभोवतीची संगमरवरी जाळी आठवा. तिचा घेर अष्टकोनी आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असतंच. इस्लामी कलेचे दोन मोठे आधार हेच, भूमिती आणि सुलेखन. महापालिकेच्या उर्दू शाळेतल्या मुलाला उर्दू अक्षरांचं वळण तर आधीच हातात असतं. म्हणजे रमजानातला हा उद्योग परीक्षेच्याही कामाला येतो. हे कारण आयांना जास्त पटतं.

काही घरांत माणसं, प्राणी काढणं टाळतात, काहींत त्याचं काही वाटत नाही. शिक्षकांनी किंवा सोसायटीत स्पर्धा भरवणाऱ्यांनी आधी विचारावं आणि विषय देताना फळं, दिवे, नक्षी, इमारती ठेवाव्यात. कुणाचंच अडत नाही. स्पर्धेचे परीक्षक सगळ्यांत नीटनेटक्या उंटाला पहिला नंबर देतात, ते तेवढं थांबवलं तर बरं.

जलरंगांची एक अडचण आहे. ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची सवय पोरांना असते आणि रोज्यात ती आठवते तोंडात ब्रश गेल्यावर. मग 'रोजा तुटला का?' म्हणून रडारड. मोठ्या रोजेदारांना तेलखडू द्यावेत, जलरंग धाकट्यांना. आणि अजानला दहा मिनिटं उरली की सगळं आवरायला लावावं, नाहीतर ओल्या चित्रावर कुणीतरी खजुराची बशी ठेवतंच.