दाराच्या पोटातील यंत्र

मोटारगाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा आणि आतले पॅड यांच्या दरम्यान वीतभरही नसलेली जी पोकळी असते, तिच्यात काच, कुलूप, स्पीकर, तारांची जुडी आणि धडकेपासून रक्षण करणारी पोलादी पट्टी एवढा सरंजाम दाटीवाटीने नांदत असतो. आणि या साऱ्यांना धक्का न लावता तीन-चार किलो वजनाची काच दिवसातून कितीदा तरी वर नेण्याचे व खाली आणण्याचे काम ज्या यंत्राकडे सोपवलेले असते, त्याचे दर्शन गाडीच्या मालकाला बहुधा ते बंद पडल्यावरच घडते. गॅरेजात त्याला सरसकट काचेची मशीन म्हणतात. ही मशीन बिघडली म्हणजे तिची परीक्षा करण्याच्या भानगडीत न पडता सबंध जोडणीच बदलून मोकळे होण्याचा जो दस्तूर अलीकडे पडला आहे, तो या यंत्रावर, आणि त्याहूनही अधिक ते यंत्र ओळखणाऱ्या कारागिरांवर अन्याय करणारा आहे असे मला मनापासून वाटते; म्हणून तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगायची आहे.

बटणासरशी हलणाऱ्या खिडकीचा वंश तसा जुना आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० साली आपल्या उंची गाड्यांना अशा खिडक्या दिल्या. त्या तेलाच्या दाबावर चालत, आणि तेल आले की गळती आली. पुढे प्रत्येक दारात स्वतंत्र विद्युत् मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे मात्र हँडलचा अंमल दीर्घकाळ टिकला. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून कित्येक पिढ्यांची ने-आण केलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली असेल, त्यांना हे हँडल चांगले आठवत असेल. त्या हँडलात कष्ट होते, पण एक मोठे सुखही होते: चॅनेलमधले, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिच्यातले रबर वाळले, काच तिरपी चढू लागली किंवा ग्रीस आटले, तर त्याची वर्दी मनगटाला कितीतरी आधी मिळत असे. मोटर अशी वर्दी देत नाही. अडथळा वाढला की ती निमूटपणे अधिक प्रवाह ओढते आणि काम रेटत राहते, आणि बटण दाबणाऱ्या बोटाला त्यातले काहीही कळत नाही. जे मनगट जाणत होते ते आता कानांनी, डोळ्यांनी आणि एखाद्या टेस्ट लॅम्पच्या साहाय्याने जाणून घ्यावे लागते.

या यंत्राची घडण पाहण्यासारखी आहे. मुठीएवढी बारा व्होल्टची मोटर, तिच्या दांड्यावर कोरलेले आटे, म्हणजे वर्म, आणि त्या आट्यांत गुंतलेले प्लॅस्टिकचे दातेरी चाक हा तिचा गाभा. मोटरची भरधाव गती येथे कितीतरी पटींनी मंद होते आणि त्याच मानाने तिचे बळ वाढते. पण या रचनेचा खरा गुण निराळाच आहे: वर्म चाकाला फिरवू शकतो, चाक वर्माला फिरवू शकत नाही. त्यामुळे काच जेथे थांबवली तेथेच थांबते. रस्त्याच्या खड्ड्यांनी ती खाली सरकत नाही, की चोराने तळहाताने दाबली म्हणून उतरत नाही. एवढे मोठे काम कोणत्याही वेगळ्या कुलपाशिवाय, निव्वळ आट्यांच्या कोनातून साधले आहे, याचे मला दर वेळी कौतुक वाटते.

पुढे काच उचलण्याच्या तऱ्हा दोन. जुन्या गाड्यांत कातरीसारख्या उघडमीट करणाऱ्या पोलादी भुजा असत, आणि काचेचा भार हलका करण्यासाठी त्यांना एक जबरदस्त स्प्रिंग जोडलेली असे. आता बहुतेक गाड्यांत पोलादी दोरीची, म्हणजे केबलची तऱ्हा आली आहे: मोटर एक रीळ फिरवते, रिळावर केबलचे एक टोक गुंडाळले जाते तेव्हा दुसरे सुटते, आणि उभ्या पट्टीवर सरकणारा एक प्लॅस्टिकचा गुटका काचेला खालून धरून वर-खाली घेऊन जातो. ही तऱ्हा हलकी, स्वस्त आणि आटोपशीर आहे. दुखणीही बहुतेक तिचीच.

विजेचा कारभार वरवर साधा, पण त्यात एक खोच आहे. मोटरला तारा दोनच. बटण सोडलेले असते तेव्हा दोन्ही अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबले की त्यांतील एकीला बॅटरीचा प्रवाह मिळतो आणि काच चढते, उलट दाबले की दुसरीला मिळतो आणि काच उतरते. खोच अशी, की साध्या वायरिंगच्या गाड्यांत इतर दारांच्या मोटरना अर्थ मिळतो तो चालकाच्या दारावरील मुख्य स्विचमधून. त्यामुळे मागच्या दाराची काच त्या दारावरच्या बटणाने हलेनाशी झाली, तरी दोष कधीकधी चालकाच्या कोपराशी असलेल्या स्विचमध्ये, काळवंडलेल्या एखाद्या काँटॅक्टमध्ये निघतो. पावसाळ्यात चालकाचे दार उघडे राहिले की पाणी पहिल्यांदा याच स्विचवर पडते. हे न जाणणारा फिटर मागच्या दाराची मोटर बदलतो, काच तशीच राहते, आणि मालकाला भुर्दंड पडतो तो पडतोच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वयस्क मिस्त्रींचे काम मी पाहत बसत असे. काचेची तक्रार घेऊन गाडी आली की त्यांचा शिकाऊ पोरगा तत्काळ पाना उचलायचा, आणि मिस्त्री म्हणायचे, “आरं, आधी ऐक की! पाना काय पळून जातोय?” मग तो पोरगा बटण दाबी आणि मिस्त्री दाराच्या पॅडला कान लावून उभे राहत. मोटर घरघरते पण काच हलत नाही, म्हणजे वीज निर्दोष आहे. केबल तुटली आहे किंवा गुटका फुटला आहे. कटकट असा आवाज येतो, म्हणजे सुटलेली केबल रिळावर गुंता करून बसली आहे. काच धप्पदिशी दारात उतरली आणि बोटांनी वर ओढता येते, म्हणजे तिची पकड सुटली आहे. आणि मुळीच आवाज नसेल तर? तेव्हा ते आतला दिवा लावून पुन्हा बटण दाबायला सांगत. दिवा किंचित मंदावला, तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतो आहे आणि मोटर किंवा यंत्र अडले आहे. दिवा ढिम्म राहिला, तर प्रवाह वाटेत कोठेतरी खुंटला आहे. मग फ्यूज, मग स्विच, आणि मग दार व खांब यांच्या मधली रबरी नळी, जिच्या आत दाराच्या प्रत्येक उघडझापेसरशी वाकून वाकून तारांचे पदर तुटत जातात.

या शेवटच्या ठिकाणी मीटर फसवतो. तारेचा एखादाच पदर शाबूत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. मोटरने आपला वाटा मागितला की तोच पदर हात वर करतो. म्हणून मिस्त्री मीटरपेक्षा हेडलाइटच्या जुन्या बल्बचा टेस्ट लॅम्प अधिक विश्वासाचा मानत. तो झगझगीत पेटला तरच तार खरी. बटण दाबलेले ठेवून दारावर मूठ आपटली असता काच एकदम चालू झाली, तर मोटरचे कार्बनचे ब्रश झिजले म्हणून समजावे. आणि वारंवार खाली-वर केल्यावर बंद पडून दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होणारी मोटर बहुधा बिघडलेली नसते. तापल्यावर प्रवाह तोडण्याची व्यवस्था तिच्या पोटातच केलेली असते, आणि तिने आपले काम चोख केलेले असते. अशा वेळी तिला तापवणारा अडथळा शोधायचा.

तो अडथळा बहुतेक वेळा चॅनेलमधले रबर असते. उन्हाने कडक झालेले आणि धुळीने भरलेले रबर काचेला दोन्ही बाजूंनी आवळून धरते. मग मोटर तिला ओढते, सारा ताण केबलवर येतो, आणि सर्वांत दुबळा म्हणून प्लॅस्टिकचा गुटका बळी पडतो. ओल्या फडक्याने चॅनेल पुसून त्यात सिलिकॉनचा फवारा मारण्याचे काम कोणाही मालकाने घरी करावे. साधे तेल किंवा ग्रीस मात्र तेथे कदापि लावू नये. ते धूळ धरते आणि रबर फुगवते.

यंत्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरले, तर दार उघडण्याची रीत संथ असावी. बॅटरीची तार आधी सोडावी. नाहीतर काच चालू झाली तर दारात हात असलेल्या माणसाची बोटे जातात. स्क्रू बहुधा हातपकडीच्या खळग्यात आणि आतल्या कडीमागे दडवलेले असतात. ते काढून पॅडच्या क्लिपा एकेक करून सोडाव्या लागतात. पॅड निघाले की काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसतो, आणि घाईचा फिटर नेमका येथेच चुकतो. काचेच्या कडेने दारात पाणी जाणारच, असे धरूनच दार घडवलेले असते. ते पाणी या पडद्याच्या बाहेरच्या अंगाने वाहत जाऊन दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जाते. पडदा फाडला तर पुढच्या पावसात पायाखालचे कार्पेट भिजते, आणि भोके पानांनी व मातीने बुजली असतील तर कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तळाचा पत्रा, मोटर आणि केबल तिन्ही एकदम गंजू लागतात. पडदा सुरीने हळूच सोडवावा, भोकांत तार घालून ती मोकळी करावी, आणि काच वर उचलून चौकटीला रुंद चिकटपट्टीने बांधून ठेवावी. ही काच टेंपर केलेली असते. मध्यभागी ती हाताचा दणका सोसते, पण कडेला पान्याचे टोक लागले तर एका क्षणात तिचे दाणे दाणे होतात.

जुने यंत्र बाहेर आले की सारा उलगडा होतो. केबलचे बारीक पोलादी पदर रिळाच्या तोंडाशी दाढीच्या खुंटांसारखे उभे राहिलेले असतात, आणि त्यांच्याखाली अंगठ्याएवढा गुटका मधोमध चिरलेला असतो. एवढ्याशा तुकड्यासाठी मोटरसकट सबंध जोडणी विकत घ्यावी लागते, कारण अनेक कंपन्या गुटका सुटा देतच नाहीत. धड मोटर, धड पट्टी, धड रीळ असा मुद्देमाल भंगारात जातो, ही मला साधी उधळपट्टी वाटत नाही. ही कारागिरीचीही नासाडी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत चिकाटीने हिंडणाऱ्याला आजही सुटे भाग आणि चालू स्थितीतली जुनी यंत्रे मिळतात, आणि केबल बदलून यंत्र पुन्हा उभे करणारे हातही मिळतात. त्यांच्याकडे जावे, एवढे मी आग्रहाने सांगतो. भुजांच्या यंत्राबाबत मात्र एक सावधगिरी: त्याची स्प्रिंग ताणलेली असताना भुजा बोल्टने जखडल्याशिवाय मोटर सोडली, तर भुजा फडकन मिटतात आणि बोट तोडू शकतात, तेथे नवख्याने हात घालू नये.

नवे यंत्र बसवताना बोल्ट प्रथम हातानेच लावावेत, काच अगदी वरपर्यंत नेऊन तिला चॅनेलमध्ये आपली जागा घेऊ द्यावी, आणि मगच पान्याने आवळावे. आधी आवळले तर काच जन्मभर तिरपी चढते आणि नवा गुटकाही जुन्याच्या वाटेने जातो. ज्या गाड्यांत काच अडखळताच आपोआप माघारी फिरण्याची सोय असते, तेथे बॅटरी जोडल्यावर यंत्राला आपल्या दोन सीमा पुन्हा शिकवाव्या लागतात. बहुतेक गाड्यांत काच पुरती खाली, मग पुरती वर नेऊन बटण काही क्षण तसेच धरून ठेवायचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांतील २१ व्या नियमानुसार आपोआप बंद होणाऱ्या काचेने १०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १० किलो भाराचा, दाब ओलांडण्याआधी माघार घ्यावी लागते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत मात्र ही सोय एकट्या चालकाच्या काचेला असते. म्हणून ते मिस्त्री गाडी देण्यापूर्वी वर्तमानपत्राची गुंडाळी प्रत्येक खिडकीत आडवी धरून काच वर घेत. जी काच गुंडाळी चुरडीत वर जाई, ती कोणती हे मालकाला दाखवत, आणि मागे लहान मूल बसणार असेल तर मागच्या काचांचे बटण मुख्य स्विचवरून कुलूपबंद करून तसेच ठेवायला सांगत.