व्हॉल्व्हचे अँप्लिफायर – लेखांक ६ : जळालेला रेझिस्टन्स आणि त्यामागचा दोष

व्हॉल्व्ह-अँप्लिफायरमधला रेझिस्टन्स आपणहून क्वचितच जळतो. त्याच्यातून झेपेल त्याहून जास्त प्रवाह गेला म्हणून तो जळतो, आणि तो प्रवाह दुसऱ्याच कुठल्या तरी भागाच्या दोषामुळे वाढलेला असतो. काळा पडलेला भाग काढून तसाच नवा लावला, तर सेट काही मिनिटे वाजतो आणि नवा भागही काळा पडतो. म्हणून प्रवाह का वाढला, हे आधी शोधायचे असते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अँप्लिफायरला काम पडे ते तमाशाच्या फडांत, गावोगावच्या यात्रांत आणि बैलगाड्यांच्या शर्यतींच्या घाटावर. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या (१९३५–२००२) नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिटीची माणसे सुपारी ठरवायला येतात. ट्रान्झिस्टर रुळण्यापूर्वी कर्ण्यांना आवाज पुरवणारे सेट व्हॉल्व्हचेच होते. गिटारचा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्हचाच) अँप मांडणीने त्यांच्याहून फारसा वेगळा नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास तयार झालेला पहिला अँप अमेरिकेतल्या फेंडर बेसमनच्या सर्किटवर बेतलेला होता. शेवटच्या टप्प्यात दोन पॉवर व्हॉल्व्ह, त्यांच्यापुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्याला पुरणारा चारशे व्होल्टच्या आसपासचा एच.टी. (हाय टेन्शन) पुरवठा असा हा आराखडा दोन्हीकडे आढळतो, त्यामुळे जळण्याच्या जागाही त्याच.

पेटी उघडण्यापूर्वीची खबरदारी टाळता येत नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट टिकून राहू शकतात आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. २२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेट केलेल्या वायरींना जोडून त्यातून कंडेन्सर रिकामा करावा आणि मीटरवर व्होल्टेज खरेच उतरले का ते पाहावे. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत कंडेन्सरलाही वाईट आणि हातालाही.

त्यानंतरचे पहिले काम नाक आणि डोळे करतात. कोणता भाग काळा आहे, यावरून दोष कोणत्या बाजूला आहे ते बरेचसे कळते. सर्वांत जास्त वेळा जळतो तो पॉवर व्हॉल्व्हच्या स्क्रीनचा रेझिस्टन्स. समजा तो १ किलोओहमचा आहे. नेहमीच्या १० मिलिअँपिअर प्रवाहाला त्यात ०.१ वॅट उष्णता होते. व्हॉल्व्ह बेताल होऊन स्क्रीनचा प्रवाह ६० मिलिअँपिअरवर गेला, तर तीच उष्णता ३.६ वॅट होते, म्हणजे प्रवाह सहापट आणि उष्णता छत्तीसपट. १ वॅटचा रेझिस्टन्स तिथे टिकत नाही. काही कारागीर त्या जागी १० वॅटचा जाडजूड रेझिस्टन्स लावून मोकळे होतात. मग रेझिस्टन्स वाचतो, पण व्हॉल्व्ह किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो सौदा महागात पडतो.

व्हॉल्व्ह बेताल होण्याची कारणे मोजकी. व्हॉल्व्ह आतून शॉर्ट असेल तर त्याच्या जोडीच्या व्हॉल्व्हशी अदलाबदल करून पाहावी. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्ह खराब, जागच्या जागी राहिला तर सर्किट. ही चाचणी अर्थातच नवा स्क्रीन रेझिस्टन्स लावल्यावर, सिरीज लॅम्पवर (तो कसा लावायचा ते शेवटी) आणि काही सेकंदांपुरतीच करायची. प्लेटवर लाली दिसू लागताच स्विच बंद.

व्हॉल्व्ह चांगला निघाला, तर संशय बायसवर (ग्रिडला दिलेल्या उणे व्होल्टेजवर) आणि कपलिंग कंडेन्सरवर येतो. हा कंडेन्सर आधीच्या टप्प्याचा आवाज पुढे जाऊ देतो आणि तिथले डीसी व्होल्टेज अडवतो. जुना कागदी कंडेन्सर थोडा गळू लागला की घोटाळा होतो. आधीच्या प्लेटवर २०० व्होल्ट आहेत, पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर बायस उणे ३५ व्होल्ट आहे आणि ग्रिडचा रेझिस्टन्स २२० किलोओहम आहे, असे धरू. गळती १० मेगओहमइतकी असेल तर ग्रिड उणे ३० वर येते आणि व्हॉल्व्ह नुसता जरा जास्त तापतो. गळती वाढून २ मेगओहमपर्यंत आली की ग्रिड उणे १२ च्या आसपास पोहोचते, प्लेट लाल होते आणि स्क्रीनचा रेझिस्टन्स धूर सोडतो. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हा कंडेन्सर बहुधा निर्दोषच दिसतो, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्ट देतो आणि गळती खरी उघडी पडते शे-दोनशे व्होल्टला. खात्रीचा उपाय म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, सेट चालू करायचा आणि सॉकेटच्या ग्रिड पिनवर व्होल्टेज मोजायचे. दोन बाजूंचे आकडे वेगळे आले, तर ज्या बाजूला बायस कमी तिचा कंडेन्सर बदलावा. आणि एक गेला असेल तर त्याच वयाचा दुसराही ठेवू नये.

सॉकेटही नीट पाहावे लागते. ईएल३४च्या सॉकेटवर २ नंबरची पिन हीटरची आणि लगतची ३ नंबरची प्लेटची. पावसाळाभर सामान पेटाऱ्यात पडून राहिले, सॉकेटवर धूळ आणि ओल साचली, की दसऱ्याला फड बाहेर पडताना या दोन पिनांमध्ये ठिणगी उडू शकते. ठिणगीने बॅकेलाइटवर कोळशाची रेघ उमटते आणि ती रेघ पुढे वीज वाहून नेते. खरवडून ती जात नाही, सॉकेटच बदलावे लागते. हीटरच्या दोन्ही टोकांपासून अर्थला जाणारे १०० ओहमचे दोन छोटे रेझिस्टन्स जळालेले दिसले, तर अशा ठिणगीचा किंवा व्हॉल्व्हमधल्या शॉर्टचा दाट संशय घ्यावा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्यामागे बहुधा कर्ण्याची वायर असते. घाटावर किंवा तंबूच्या कडेने टाकलेली लांब वायर गाडीच्या चाकाखाली तुटते, निवेदक ओरडत राहतो आणि ट्रान्सफॉर्मरवरचा भार निघून जातो. भार नसताना प्रायमरीत कित्येक पटींनी उंच व्होल्टेज उसळते आणि आतले इन्सुलेशन फुटते. म्हणून व्हॉल्व्हचा सेट स्पीकर जोडल्याशिवाय वाजवत नाहीत. ट्रान्झिस्टर सेटवर शिकलेल्यांना हे उलटे वाटते, कारण तिथे भीती शॉर्टची असते.

मुख्य पुरवठ्याचा दोष मात्र जळालेल्या भागात दिसत नाही. अनेक जुन्या सेटना मागे २००, २२० आणि २४० व्होल्टचे टॅप असतात. फीडरच्या टोकाच्या गावात शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडते, आवाज बसतो, म्हणून कुणीतरी टॅप २०० वर करतो. तोच सेट दुसऱ्या मुक्कामी जनरेटरवर पूर्ण २४० व्होल्ट घेतो, आणि आतले प्रत्येक व्होल्टेज वीस टक्क्यांनी चढते : ४०० चे ४८०, हीटरचे ६.३ चे साडेसात. त्यात फ्यूजऐवजी जाड तार बांधलेली असेल, तर मेन्स ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो.

रंगाचे पट्टे जळून गेलेल्या रेझिस्टन्सची किंमत सर्किट-नकाशा नसतानाही काढता येते. पुश-पुल सेटच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचा तोच भाग मोजावा, पण एक टोक सोडवून. जुने कार्बन रेझिस्टन्स उष्णतेने आणि ओलीने चढत जातात, त्यामुळे मीटर ११७ किलोओहम दाखवत असेल तर मूळ भाग १०० चा असण्याचीच शक्यता जास्त. नवा भाग बोर्डाला चिकटवून बसवू नये. थोडा उंच ठेवला की खालून हवा फिरते. डाग देण्यापूर्वी पिनेवरचे काळे पडलेले कथील काढून टाकावे. व्हॉल्व्ह किंवा ६३० व्होल्टचे कंडेन्सर गावात मिळाले नाहीत तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो.

दुरुस्तीनंतर सेट थेट मेन्सवर लावू नये. ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालावा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून तसाच राहिला तर शॉर्ट शिल्लक आहे. काही महिने पडून असलेल्या सेटला डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज द्यावे, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सावरतात. शेवटी टॅप २४० वर आणून, स्पीकर जोडून, प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये घातलेल्या १ ओहमच्या रेझिस्टन्सवर मिलिव्होल्ट मोजावेत. जेवढे मिलिव्होल्ट तेवढेच मिलिअँपिअर. ईएल३४ची प्लेट २५ वॅट सोसते. सत्तर टक्के मर्यादा धरली तर ४०० व्होल्टला आवाज नसताना ४४ मिलिअँपिअरच्या वर जाऊ देऊ नये. तासभर वाजवून पुन्हा मोजल्यावर आकडा जागेवर असेल तरच झाकण लावावे. चढत असेल तर व्हॉल्व्ह किंवा कपलिंग कंडेन्सर पुन्हा तपासावा.