फकिराची वाटणी



चोराची गोष्ट कोणाला आवडत नाही? सावकाराच्या वाड्यात शिरणारा, पहारेकऱ्यांना चकवणारा, सात कुलपांच्या आतला ऐवज घेऊन पसार होणारा चोर म्हटला की लहान पोर जेवायचे विसरते आणि म्हातारा माणूसही सरसावून बसतो. साहित्यसम्राट म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी अशीच एक गोष्ट आहे. तिच्यात चोरी आहे, दरोडा आहे, घोड्यावरचा पाठलाग आहे. ती मी आजवर तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा दिवा मालवायला मध्यरात्र उलटली. आज तिच्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत, ते समीक्षक म्हणून नव्हे. मी कारकून माणूस. जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य गेले. त्यामुळे दरोड्याची गोष्ट वाचतानाही माझे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते: लुटीची वाटणी कशी झाली?

सुरुवातच एका चोरीने

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. शाळा त्यांना लाभली नाही. पुढे कुटुंबासह मुंबईला आले, हमाली केली, गिरणीत राबले आणि घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहिते झाले. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरीतला फकिरा हा निव्वळ कल्पनेतला नाही. तो वाटेगावच्या मांगवाड्यातला, अण्णाभाऊंच्या नात्यातला माणूस. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने खजिन्यातल्या लुटीमधले दोन ओंजळी सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, असे सांगितले जाते. ते खरे धरले तर ज्या मुलाच्या पाळण्याशी लुटीतला वाटा पोचला, त्याच मुलाने मोठेपणी त्या लुटीची गोष्ट लिहिली!

कादंबरी सुरू होते ती फकिराच्या बापापासून, राणोजीपासून. शिगाव या गावाकडे देवीची जोगणी असते. ज्या गावाची जोगणी, त्या गावाची जत्रा आणि त्या गावाचा मान. नियम असा की दुसऱ्या गावच्या कोणी ती उचलून शिगावची हद्द ओलांडली, तर जत्रा त्याच्या गावाची झाली. हद्दीच्या आत सापडला, तर त्याचे मुंडके उडवायचे. एखाद्या जादूच्या गोष्टीत शोभावा असा हा खेळ आहे: एक पवित्र वस्तू, एक रेषा आणि रेषेच्या अलीकडे मरण. राणोजी जोगणी आणतो. गावाला मान मिळतो, पण बापू खोताच्या दग्याने राणोजीचा जीव जातो.

इथे मन थबकते. देवदेवस्की आपण मागे टाकली आहे, त्यामुळे जोगणीच्या मानाचे आपल्याला अप्रूप नाही. परंतु अण्णाभाऊ काय दाखवतात ते पाहा. मान गावाचा, जत्रा गावाची आणि डोके मात्र गावकुसाबाहेरच्या माणसाचे. गावाच्या ताळेबंदात मिळकत एका बाजूला आणि तोटा नेमका आपल्या बाजूला, ही नोंद त्यांनी पहिल्याच प्रकरणांत करून ठेवली आहे.

पुढे तोच बापू खोत फकिराच्या तावडीत सापडतो. बापाचा मारेकरी समोर आहे, हातात तलवार आहे. तरी फकिरा त्याचा जीव घेत नाही. माझ्या मते फकिरा मोठा होतो तो इथेच.

भरलेले कोठार आणि उपाशी वस्ती

मग दुष्काळ येतो, रोगराई येते. महारवाडा आणि मांगवाडा दोन्ही अन्नाला मोताद होतात. गावचे विष्णुपंत कुलकर्णी त्यांना सांगतात की मरू नका, काहीही करा पण जगा. जातीने वेगळा असलेला हा माणूस वेळेला उभा राहतो, याची नोंद अण्णाभाऊंनी प्रामाणिकपणे केली आहे, तशीच आपणही करावी. आणि मग फकिरा आपले सोबती घेऊन एका मठकऱ्याचे धान्याचे कोठार फोडतो.

आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना हे प्रकरण वाचून दाखवावे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या, त्यांना यातले अक्षर न् अक्षर कळते. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते: तेव्हासुद्धा काही घरांच्या कणग्या भरलेल्याच होत्या. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरच्या आपल्या ग्रंथात हेच सिद्ध केले. माणसे उपाशी मरतात ती बहुतेक वेळा धान्य मुळीच नसते म्हणून नव्हे, तर असलेले धान्य मिळवण्याची ऐपत त्यांच्याकडे नसते म्हणून. बी.कॉम.ला मागणी-पुरवठ्याचे धडे मी पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ मला अण्णाभाऊंच्या त्या कोठाराने शिकवला. मागणी होती, पुरवठाही होता. मध्ये कुलूप होते.

आता वाटणी. हे धान्य फकिराच्या घरात साठत नाही, कोणी ते बाजारात विकत नाही. ते उपाशी घरांच्या चुलीपर्यंत जाते. फकिरा स्वतःसाठी वेगळा वाटा काढून ठेवत नाही. सरदाराचा मोठा वाटा, बाकीच्यांना उरलेसुरले, हा दरोडेखोरांचा आणि दुर्दैवाने अनेक पुढाऱ्यांचा नियम इथे नाही.

हजेरी

यानंतर सरकारची टाच येते. मांगवाड्यातल्या माणसांनी दिवसातून तीन वेळा चावडीवर हजेरी द्यायची. गुन्हा कोणी केला हा प्रश्नच नाही, जन्म कुठे झाला एवढे पुरे. ही अण्णाभाऊंची कल्पना नव्हे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो देशभर लागू होत गेला. अख्ख्या जातीच्या नावापुढे गुन्हेगार असे लिहायचे, पोलिसांत नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, असा तो कायदा. देश स्वतंत्र झाला तरी तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. त्या जमाती मग विमुक्त म्हणवल्या गेल्या.

हा विषय आपल्या वाशिम जिल्ह्याला परका नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाज आहे आणि त्या समाजाचे मोठे श्रद्धास्थान पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात आहे. पारधी बांधवांचे बेडेही आपल्या भागात आहेत. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठे जाते, हे कोणाला सांगायला नको. कायद्याचे पान फाटले, पण लोकांच्या मनातली हजेरी अजून चालू आहे. दुकानात आपला पोरगा शिरला की मालकाची नजर त्याच्या हाताकडे जाते, तीही हजेरीच.

फकिरा ही हजेरी मोडतो आणि बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. घोडदौड, चकवे, दऱ्याखोऱ्यांतले मुक्काम, गबऱ्या घोड्याची साथ, सत्तू भोसल्याची मैत्री हे सारे वाचताना छाती धडधडते. त्या पानांची गोडी मी इथे सांगून घालवणार नाही. ती ज्याची त्याने वाचावीत.

सातासमुद्रापलीकडची टोळी

माझी पुतणी कॉलेजात शिकते. तिने मध्यंतरी ‘सिक्स ऑफ क्रोज’ या इंग्रजी कादंबरीची गोष्ट मला मोठ्या उत्साहाने सांगितली. लेह बार्डुगो या अमेरिकन लेखिकेची ही २०१५ सालची कादंबरी जगभरच्या तरुण मुलामुलींनी डोक्यावर घेतली. काल्पनिक जग, जादूची विद्या असलेली माणसे आणि सहा जणांची टोळी. बर्फाळ मुलखातल्या अभेद्य किल्ल्यात शिरून एका कैदी शास्त्रज्ञाला बाहेर काढायचे. बक्षीस तिथल्या नाण्यात तीन कोटी. टोळीचा म्होरक्या कॅझ एका पायाने अधू, काठी टेकत चालणारा, पण डोके असे की सहा जणांनाही शेवटपर्यंत पूर्ण बेत कळत नाही.

मला त्यातली इनेज आवडली. तिचे लोक तांड्याने फिरणारे, दोरीवर चालण्याचे खेळ करणारे, आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारखे. लहान वयात तिला पळवून कुंटणखान्यात विकले जाते. तिथून सुटून ती टोळीत येते, पण डोक्यावर कर्जाचा करार असतो. तिला आपला वाटा हवा आहे तो त्या करारातून मोकळे होण्यासाठी, आणि पुढे तर ती माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या मागे लागण्याचे स्वप्न पाहते. त्या जगात जादूची विद्या घेऊन जन्मलेल्यांची काही ठिकाणी शिकार होते. अपराध एकच: जन्म. पुतणीला मी म्हटले, “बाई, ही गोष्ट तर आपल्या ओळखीची आहे.” आणि तिच्या हातात ‘फकिरा’ ठेवली.

दोन्ही पुस्तके वाचून झाल्यावर तिने जो फरक सांगितला, तो मला सुचला नसता. ती म्हणाली, “काका, त्या सहा जणांपैकी प्रत्येक जण आपापल्या जखमेसाठी किल्ल्यात शिरतो. फकिरा वस्तीसाठी शिरतो. म्हणून त्यांना पळून जाता येते, त्याला येत नाही.”

अगदी खरे आहे. सरकारला फकिरा सापडत नाही, तेव्हा ते त्याच्या माणसांना कोंडून ठेवते. बायाबापड्या, म्हातारीकोतारी सगळी. आणि ज्याला फौज पकडू शकली नाही, तो फकिरा त्यांच्यासाठी आपल्या पायांनी चालत येऊन हजर होतो. वाटणीतला शेवटचा वाटा तो स्वतःच्या जिवाचा देतो. इतक्या दरोड्याच्या गोष्टी ऐकल्या, असा हिशेब दुसरीकडे पाहिला नाही.

तलवारीचे पुस्तक, लेखणीला अर्पण

काही पालक विचारतात, पोरांच्या हाती दरोडेखोराचे पुस्तक कशाला? काही कार्यकर्ते विचारतात, अण्णाभाऊ तर लाल बावट्याचे, मग त्यांचा आपल्याशी काय संबंध? दोघांनाही माझे उत्तर एकच आहे: पुस्तक उघडा आणि अर्पणपत्रिका वाचा. तलवारीच्या खणखणाटाची ही कादंबरी अण्णाभाऊंनी अर्पण केली आहे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन करणारेही अण्णाभाऊच होते. महारवाडा आणि मांगवाडा एकाच दुष्काळात पोळला, हे त्यांनी लिहून ठेवले. जयंत्यांच्या कमानी वेगवेगळ्या लावून आपण ते पुसू नये.

फकिराजवळ मत नव्हते, संविधान नव्हते, त्याचे म्हणणे ऐकणारे न्यायालय नव्हते. त्याच्याजवळ होती तलवार. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की सनदशीर मार्ग खुले असताना रक्तपाताचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. याचा अर्थ कोठाराचे कुलूप विसरा असा नाही. कुलूप उघडण्याची रीत बदलली, एवढाच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य हा आपला हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशन दुकानातला साठ्याचा फलक वाचायचा, वजन डोळ्यांसमोर करून घ्यायचे, पावती मागायची आणि कमी भरले तर तहसीलला लेखी अर्ज द्यायचा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. रात्रीच्या अंधारात जे काम फकिराला जीव मुठीत धरून करावे लागले, ते आपल्याला दिवसाढवळ्या सहीनिशी करता येते.

तेव्हा ‘फकिरा’ घरात आणा. विकत घेणे जमत नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयातून आणा. ज्याला वाचता येते त्याने रोज संध्याकाळी दहा-पंधरा पाने मोठ्याने वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही त्या आया-आज्यांना आधी बसवावे, कारण दुष्काळाची पाने त्यांनाच सर्वांत जास्त कळतील. मुलींना मुद्दाम वाचायला द्यावे. वाचून संपले की शेजारच्या घरी पोचवावे, मग ते घर कोणत्याही जातीचे असो. फकिराच्या पुस्तकाची वाटणीसुद्धा फकिरासारखीच व्हायला हवी.

जयभीम!