कलप लावता? मग हे वाचाच

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो तोच एक निवृत्त गुरुजी मुलाचा हात धरून आत आले. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, दोन्ही डोळे मिटलेले, कानामागून लस झिरपत होती. घरच्यांना वाटले, गांधीलमाशी चावली असेल. मी विचारले, "गुरुजी, कलप कधी लावलात?"

"परवा. पण डॉक्टर, त्याचा काय संबंध? पंधरा वर्षं तोच लावतोय!"

हे उत्तर मला नवे नाही. पंधरा वर्षे काही झाले नाही, म्हणून सोळाव्या वर्षी होणार नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

बाजारातल्या बहुतेक काळ्या कलपांत पॅरा-फेनिलीनडायअमीन हे रसायन असते. नाव लांबलचक असल्याने आपण पीपीडी म्हणू. सहा कार्बन अणूंचे कडे आणि त्याच्या समोरासमोरच्या टोकांना नायट्रोजनचे दोन गट, अशी याची घडण. रसायनशास्त्रात या घराण्याला 'सुगंधी' म्हणतात. अत्तराशी मात्र संबंध नाही. याचे मूळ पुरुष ॲनिलीन. ते १८२६ साली जर्मनीत नीळ तापवून मिळाले आणि त्याचे नावही आपल्या 'नील' शब्दावरूनच अरबी-पोर्तुगीज वाटेने तिकडे गेले. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता. क्विनीन राहिले बाजूला, ॲनिलीनपासून जांभळा रंग हाती आला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून फोफावला.

शुद्ध पीपीडी जवळजवळ पांढरे असते, हवेत काळवंडते. कलप कालवताना त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड येते. पीपीडीचे बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, तिथे ऑक्सिजनशी संयोग होऊन एकमेकांना चिकटतात आणि मोठे रंगीत रेणू बनतात. ते बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. वाटीत उरलेला कलप काळा होत जातो, तोही याच क्रियेने.

घोटाळा होतो तो या अर्ध्या वाटेवर. अर्धवट बदललेले हे रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना शत्रू समजून ओळख पक्की करून ठेवतात. ही ओळख पहिल्या वेळी होईल किंवा विसाव्या. पण एकदा झाली की सहसा आयुष्यभर पुसत नाही. पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, सूज. खोदून विचारल्यावर गुरुजींना आठवले, मागच्या दोन वेळी डोके खाजले होते. कोंडा समजून त्यांनी तेल चोळले!

तेव्हा कलप लावण्याच्या दोन दिवस आधी थोडा कालवून कानामागे लावा आणि ४८ तास पाहा. दर वेळी. मात्र ज्यांना एकदा त्रास झाला आहे, त्यांनी ही चाचणीही करू नये. 'हर्बल' या शब्दावर जाऊ नका, वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचा. खरी मेंदी तांबूस-केशरी रंगते. झटपट काळी रंगणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडीच असते. लग्नघरात मुलींच्या हातांवर ती काढू देऊ नका.

त्रास सुरू झालाच तर भरपूर पाण्याने डोके धुवा, लिंबू-हळद काही चोळू नका, आणि डॉक्टरांकडे या. श्वास लागला तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

कलपाची पुडी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेला तर घसा-मान सुजून श्वास कोंडतो, स्नायू विरघळू लागतात, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. याला उतारा नाही. माणूस बोलत-चालत असला तरी वाट न पाहता, उलटी न करवता, पुडीसकट मोठ्या रुग्णालयात न्या.

गुरुजी औषधांनी आठवड्यात बरे झाले. त्यांच्या केसपेपरवर मी लाल शाईने 'पीपीडी चालत नाही' असे लिहिले आहे. तोंडात लावायच्या बधिरतेच्या काही मलमांत बेन्झोकेन असते. ते याच घराण्यातले, आणि कातडी कधी कधी दोघांत फरक करत नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्यायला त्यांना बजावले आहे.