जुन्या गाडीला कोणतं कूलंट घालायचं?

आपल्याकडे अजून कितीतरी दारांत जुनी गाडी उभी असते. कुणाकडे सासऱ्यांनी घेतलेली अँबेसेडर, कुणाकडे पद्मिनी, कुठे वडापची जीप. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला आणि गटाचे पापड बाजारात पोचवायला तीच धावते. उन्हाळ्यात ती घाटात गरम झाली की दुकानात जाऊन आपण विचारात पडतो: हिरवं घ्यावं, लाल घ्यावं की नळाचंच पाणी घालावं? निवड चुकली तर रेडिएटर गळतो, पुढे इंजिनाचं काम निघतं. तो खर्च शेवटी आपल्याच पेटीतून जातो. म्हणून हा विषय आपणही समजून घेऊ.

आधी पाण्याचं पाहू. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. बंबाच्या आत जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनातल्या वाटांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. शिवाय नुसत्या पाण्यानं लोखंड गंजतं. समुद्रकाठी पाणी १०० अंशाला उकळतं, पण महाबळेश्वरासारख्या उंचीवर ते सुमारे ९५-९६ अंशालाच उकळतं. घाट चढताना इंजिनावर ताण जास्त आणि पाणी मात्र लवकर उकळणार, अशी दुहेरी अडचण होते.

कूलंट म्हणजे मुख्यतः ग्लायकॉल नावाचं द्रव्य आणि गंज रोखणारी औषधं. ते निम्मं आणि पाणी निम्मं घेतलं तर उकळण्याचा बिंदू सुमारे १०७ अंशांवर जातो. थंड प्रदेशात त्यानं पाणी गोठत नाही. आपल्याला मात्र त्याचा खरा उपयोग गंज रोखायला आणि उकळी लांबवायला होतो.

आता निवडीकडे येऊ. नव्या गाड्यांचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे असतात आणि त्यांचे सांधे कथील-शिशाच्या डाखानं जोडलेले असतात. फुटक्या भांड्याला कासार डाख देतो, तसेच. नव्या, जास्त वर्षं टिकणाऱ्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांपासून बनवलेली औषधं असतात. डब्यावर ‘ओएटी’ किंवा ‘ऑर्गॅनिक’ असं लिहिलेलं असतं. ती नव्या धातूंसाठी चांगली, पण शिशाचा डाख सांभाळायला बनवलेली नसतात. काही प्रकारांनी डाख हळूहळू खाल्ला जातो, जुने रबरी व कागदी गॅस्केटही खराब होऊ शकतात. मग सांधे झिरपायला लागतात.

म्हणून जुन्या गाडीला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटसारखी औषधं असलेलं कूलंट घ्यावं. डब्यावर ‘आयएटी’ किंवा ‘इनऑर्गॅनिक’ असं लिहिलेलं असतं. अँबेसेडरचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा. तिकडे जुन्या गाड्या जपणारी मंडळीही हाच सल्ला देतात. या कूलंटमधली औषधं लवकर संपतात, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. बदलल्याची तारीख वहीत टिपून ठेवावी.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं, लाल म्हणजे नव्या, असं पूर्वी बहुधा असायचं. पण रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. डब्यावरचं वाचा, नाहीतर दुकानदाराकडून वाचून घ्या. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. काही प्रकार एकत्र आले की गाळ धरतात आणि नळ्या बुजतात.

घालताना हा क्रम ठेवा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर जुनं पाणी काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुऊन घ्या. धुतल्यावर थोडं पाणी इंजिनात राहतंच. म्हणून घट्ट कूलंट आणलं असेल तर त्याचं माप आधी ओता. गाडीत ८ लिटर मावत असेल, तर ४ लिटर कूलंट आणि वर बॅटरीला वापरतात ते डिस्टिल्ड वॉटर. जास्त कूलंट घातलं तर इंजिन जास्त थंड राहतं, असं नाही. उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. ‘रेडी टू यूज’ लिहिलेल्या डब्यात मात्र पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात आणखी घालू नका.

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखं काम करतं. दाब धरला की उकळी लांबते. त्याचं रबर फाटलं असेल तर नवं झाकण घ्या, पण त्याच दाबाचं. जास्त दाबाचं झाकण जुने सांधे फोडतं. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. उकळती वाफ तोंडावर येते. घाटात गाडी तापली तर सावलीत थांबा, निदान अर्धा तास जाऊ द्या, हाताला थंड लागलं तरच उघडा. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कूलंट चवीला गोडसर असतं आणि ते विष आहे. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्रं, वासरू, लहान मूल, कुणीही ते गोड म्हणून चाटेल. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या अंगाला ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नका. जमिनीवर सांडलं तर माती टाकून लगेच उचला, मग जागा धुवा. कुणाच्या पोटात गेलंच तर त्रास होण्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठा, डबा सोबत न्या. जनावराला लगेच पशुवैद्याकडे दाखवा.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला गाडीचं पाणी बदलायचं ठरलं, की डबा आधी आपल्या हातात घ्या आणि वाचा. गाडी कुणीही चालवो, तिच्या खर्चाचा हिशेब आपणच ठेवतो.