संगणकातील नोंदींचे रक्षण : बॅकअप आणि त्याची परीक्षा

ग्रंथ नष्ट होण्याची हानी आयुर्वेदाला नवी नाही. भेलसंहिता आज आपल्याला उपलब्ध आहे ती मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीमुळे. चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाला नव्याने पूर्ण करावे लागले. ज्या ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या तो टिकण्याची शक्यता अधिक राहिली. संगणकातील नोंदींचेही तसेच आहे.

आमवात, ग्रहणी किंवा श्वित्राचा रुग्ण अनेक वर्षांनी पुन्हा येतो, तेव्हा पूर्वी कोणत्या कल्पाने उपशय मिळाला, अनुपान काय होते, शोधन केव्हा झाले, हे त्याला आठवतेच असे नाही. ती नोंद गेली की चिकित्सा पहिल्यापासून सुरू करावी लागते. औषधालयांच्या बाबतीत बॅचच्या नोंदी, साठा आणि हिशेब हे सारे त्यात आले. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात.

हेतू

फाईल जाण्याची कारणे स्थूलमानाने चार : हातून चुकून पुसली जाणे, हार्ड डिस्क बिघडणे, विषाणूचा उपद्रव, आणि चोरी, आग किंवा पाणी. पैकी खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर विशेष घातक होय. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला आणि तेथील बरेचसे काम अनेक दिवस हाताने लिहून करावे लागले.

फाईल पुसली म्हणजे काय होते?

साधारणतः पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जाते व तेथून परत मिळते. मात्र शिफ्ट दाबून डिलीट केल्यास, किंवा पेन ड्राइव्हवरील फाईल पुसल्यास, ती सहसा तेथे जात नाही. तरीही हार्ड डिस्कवरील मजकूर लगेच नाहीसा होत नाही. पुसला जातो तो अनुक्रमणिकेतील उल्लेख, आणि ती जागा रिकामी समजली जाते. पुढे तेथे दुसरे काही लिहिले गेले की मूळ मजकूर कायमचा जातो. नव्या एसएसडी प्रकारात संगणक अशी जागा स्वतःहून मोकळी करून घेतो, त्यामुळे तेथे आशा फारच थोडी.

म्हणून तत्काळ उपचार एकच : त्या संगणकावरील काम थांबवावे. फाईल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर घालू नये. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास संगणक बंद करून जाणकाराकडे द्यावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.

निदानपरिवर्जन

संगणकक्षेत्रात ‘३-२-१’ हा नियम रूढ आहे. नोंदींच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि १ प्रत दुसऱ्या जागी असावी. लहान चिकित्सालयाला हे सहज जमते : मूळ नोंदी संगणकावर, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा घरी.

दोन गोष्टींची मात्र दक्षता घ्यावी. बाहेरची डिस्क सतत जोडलेली ठेवू नये, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरही पसरते. तसेच, संगणकाशी आपोआप जुळणारा इंटरनेटवरील साठा हा एकटा पुरेसा बॅकअप नव्हे. येथे पुसलेली फाईल तेथूनही पुसली जाते; गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. रुग्णाची माहिती गोपनीय असल्याने प्रत्येक प्रतीला पासवर्ड असावा, आणि तो विश्वासू दुसऱ्या व्यक्तीलाही ठाऊक असावा.

परीक्षा

बॅकअप घेतला म्हणजे काम संपले, ही समजूत सर्वांत धोक्याची. १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकी चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या फाईली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. लहान बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सस्मन यांच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्यावरून चित्रपट सावरला.

द्रव्याची परीक्षा केल्यावाचून आपण ते औषधात घेत नाही. बॅकअपलाही तोच न्याय लावावा. आम्ही आमच्या चिकित्सालयात दर शनिवारी प्रत घेतो आणि महिन्यातून एकदा तिच्यातील चार-पाच रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. प्रत घेतल्याची तारीख व पाहणाऱ्याची सही यांसाठी एक साधी वही पुरते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीतील बॅकअप तपासताना तो वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावा, अन्यथा जुनी माहिती चालू माहितीवर लिहिली जाण्याचा संभव असतो.

या कामाला महिन्याकाठी अर्धा तास पुरतो. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी हा अंक वाचून झाल्यावर आपल्या शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी आणि त्यातील एक फाईल उघडून पाहावी. ती उघडली नाही, तर नवी प्रत घेण्याचे काम त्याच दिवशी करावे.